न्यूझीलंडविषयी सोप्या इंग्रजीत वाचण्यासाठी आईला काय द्यावे?

नदीकाठ:

सर्वांना नमस्कार. माझी आई गेल्या दिवाळीनंतर आमच्याकडे हॅमिल्टनला राहायला आली आहे. तिचे वय ६१ असून शिक्षण कराड तालुक्यातील मराठी शाळेत दहावीपर्यंत झाले आहे. पाचवीपासून इंग्रजी हा एक विषय होता, तेवढाच तिचा त्या भाषेशी संबंध आला. त्यानंतरची चाळीस वर्षे शेती, गोठा आणि गावातल्या महिला दूध संस्थेचे दफ्तर सांभाळण्यात गेली. मराठी वर्तमानपत्र ती आजही अग्रलेखापासून बाजारभावापर्यंत वाचते, त्यामुळे वाचनाची सवय नाही असे मुळीच नाही. अडते ते केवळ इंग्रजीपाशी.

इथे आल्यापासून तिला या देशाविषयी फार कुतूहल आहे. मैलोन्‌मैल हिरवी कुरणे असूनही त्यात माणूस का दिसत नाही, रस्त्यांवरच्या पाट्यांवर दोन भाषा का असतात, इथले गोरे लोक मुळात कुठून आले आणि त्यांच्या आधी कोण होते, असे तिचे प्रश्न असतात. मी मराठीत उत्तरे देते, परंतु तिचे समाधान होत नाही. ‘तू सांगितलेलं तुझं झालं, मला स्वतः वाचून कळायला हवं,’ असे ती म्हणते, आणि मला ते पटते.

आतापर्यंत दोन प्रयत्न झाले. ती ज्या इंग्रजीच्या वर्गाला जात होती तिथून तिला किवी पक्ष्याविषयीचे एक पुस्तक मिळाले. पानभर चित्र आणि खाली एक ओळ, असे ते पुस्तक होते. तिने ते दहा मिनिटांत वाचून संपवले, मिटून बाजूला ठेवले आणि पुढच्या आठवड्यापासून वर्गाला जाण्यात तिचे मन रमेना. चाळीस वर्षे हिशेबाच्या वह्या तपासलेल्या बाईला आपल्याला बालवाडीत बसवले आहे असे वाटले असणार. मग मी वाचनालयातून मोठ्यांसाठी लिहिलेला चारशे पानांचा इतिहास आणला. पहिल्या पानावरचे अडलेले शब्द तिने वहीत उतरवले, ते एकतीस निघाले. तीन दिवसांत दोन पाने झाली आणि त्या दोन पानांत काय लिहिले आहे ते तिला सांगता येईना.

या दोहोंच्या मधले, प्रौढ वाचकाचा मान राखणारे आणि तरीही सोप्या इंग्रजीतले, माहितीपर लेखन असते का? असल्यास ते तिच्या पातळीचे आहे हे कसे ओळखावे? शब्दांवर मराठी अर्थ लिहून द्यावेत का? आणि माझ्या मनात एक शंका आहे ती अशी, की एखाद्या देशाचा इतिहास इतका सोपा करून सांगितला तर तो खरा उरतो का?

पाटीपेन्सिल:

नदीकाठताई, आपल्या आईंची अडचण मला अगदी जवळची वाटली, कारण मराठी माध्यमाच्या शाळेत तीस वर्षे इंग्रजी शिकवून मी निवृत्त झालो आणि गेली काही वर्षे आमच्या गावातील प्रौढांसाठी संध्याकाळी वाचनवर्ग घेतो. आपण ज्याला ‘मधले’ म्हणता तसे लेखन निश्चितच आहे आणि त्याची परंपरा शंभर वर्षांची आहे. त्याचा उगम आपल्याच उपखंडात झाला, हे फारसे कोणी सांगत नाही.

मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ १९२० च्या दशकात ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात काम करत होते. बंगाली विद्यार्थ्यांना पुढच्या आयुष्यात इंग्रजीचा उपयोग बोलण्यापेक्षा वाचण्यासाठी अधिक होणार आहे, परंतु त्यांच्या हाती दिलेल्या पुस्तकांत एकदाच भेटून कायमचे नाहीसे होणारे दुर्मीळ शब्द भरलेले आहेत, हे त्यांनी पाहिले. म्हणून त्यांनी दुर्मीळ शब्दांच्या जागी रोजच्या वापरातले शब्द घातले, नवा शब्द मोजूनमापून आणला आणि एकदा आणलेला शब्द पुढे पुन्हापुन्हा येईल अशी मांडणी केली. त्यांनीच पुढे १९५३ मध्ये सुमारे दोन हजार इंग्रजी शब्दांची एक यादी प्रसिद्ध केली. आज ज्यांना ‘ग्रेडेड रीडर’ म्हणतात त्या पायऱ्यापायऱ्यांच्या पुस्तकांमागे हीच दृष्टी आहे.

पायरी मोजली जाते ती मूळ शब्दांवरून. ‘गो’, ‘गोज’, ‘वेंट’ आणि ‘गॉन’ ही रूपे चार दिसली तरी मूळ शब्द एकच धरला जातो. उदाहरणार्थ, ऑक्सफर्डच्या बुकवर्म्स मालिकेत पहिल्या पायरीवर ४००, दुसऱ्या पायरीवर ७००, तिसऱ्या पायरीवर १,००० आणि चौथ्या पायरीवर १,४०० मूळ शब्द असतात. या मालिकेत कथा-कादंबऱ्यांच्या जोडीला ‘फॅक्टफाइल्स’ नावाची माहितीपर पुस्तकेही आहेत आणि त्यांत देशांवरची पुस्तके आहेत. छायाचित्रे प्रौढांना शोभतील अशी असतात आणि विषयही मोठ्यांचेच असतात. आपण सांगितलेल्या माहितीवरून मी आईंना दुसऱ्या पायरीपासून सुरुवात करायला सांगेन. सहा वर्षे शाळेत इंग्रजी शिकलेल्या माणसाला शब्द आठवत नाहीत असे वाटते, पण दुसऱ्यातिसऱ्या वेळी डोळ्यांसमोर आले की त्यांतले बरेच ओळखीचे निघतात.

पुस्तक पातळीचे आहे की नाही हे पाहण्यासाठी मुखपृष्ठावरच्या आकड्यावर विसंबू नये. मधलेच एक पान उघडावे आणि सलग शंभर शब्द मोजावेत. त्यांपैकी अडलेले शब्द दोन असतील, तर ते पुस्तक आई एकट्या वाचू शकतील. हा दोनाचा आकडा माझा नाही. आपण राहता त्याच देशातील, वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठातील पॉल नेशन यांनी आयुष्यभर याच विषयाचा अभ्यास केला आणि कोणाच्याही मदतीशिवाय मजकूर नीट समजायचा असेल तर शंभरांतले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असावे लागतात, असे त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्याच्या अभ्यासात २००० साली दिसून आले. शंभरांत पाच शब्द अडले तर कोणी शेजारी बसलेले हवे. त्याहून अधिक अडत असतील तर ते पुस्तक सध्या कपाटात ठेवावे. आईंच्या वहीतले एकतीस शब्द त्या चारशे पानी पुस्तकाच्या एका पानावरचे होते. इंग्रजीच्या प्राध्यापकानेसुद्धा परक्या भाषेत असे पान वाचले तर त्याला त्यातून काही सांगता येणार नाही, हे त्यांना माझ्या वतीने जरूर सांगा.

आता ज्या गोष्टीकडे प्रकाशकांचेही दुर्लक्ष होते असे मला वाटते, तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. सोपे करायचे म्हणून वाक्ये तोडली जातात आणि तोडताना ‘कारण’, ‘म्हणून’, ‘तरीही’ हे जोडणारे शब्द गळून पडतात. न्यूझीलंडचेच उदाहरण घेऊ. ‘१८८२ साली डनेडिन नावाचे जहाज लंडनला गेले. त्यात गोठवलेले मांस होते. न्यूझीलंडचे शेतकरी श्रीमंत झाले.’ ही तीन वाक्ये कितीही लहान असली तरी वाचकाच्या हाती काहीच लागत नाही, कारण जहाजाचा आणि श्रीमंतीचा संबंध त्याला स्वतःच लावावा लागतो. तेच असे लिहिले तर पाहा: ‘त्या काळी शेतकरी मेंढ्या पाळत, पण त्यांना पैसा मिळे तो मुख्यतः लोकरीचा. मांस इंग्लंडला पाठवता येत नव्हते, कारण वाटेत ते नासत असे. १८८१ साली डनेडिन या जहाजात थंडावा निर्माण करणारे यंत्र बसवले आणि १८८२ साली त्यातून सुमारे पाच हजार गोठवलेल्या मेंढ्यांचे मांस लंडनला पाठवले. तीन महिन्यांच्या प्रवासात ते चांगले राहिले. त्यामुळे तेव्हापासून शेतकरी लोकरीबरोबर मांस आणि पुढे लोणी व चीजही विकू लागले.’ वाक्ये लांब झाली, तरी यातला एकही शब्द इंग्रजीत अवघड नाही आणि एवढी हिरवी कुरणे कशी उभी राहिली या आईंच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच आले. म्हणून पुस्तक निवडताना शब्द मोजून झाले की पानावर ‘बिकॉज’, ‘सो’ आणि ‘बट’ हे शब्द शोधावेत. ते नसलेले पान मी माझ्या वर्गात घेत नाही.

मराठी अर्थाविषयी माझा अनुभव सांगतो. प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर मराठी शब्द लिहिला की डोळा फक्त मराठीच वाचत जातो. पान एकदा पूर्ण वाचावे, अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीची बारीक खूण करावी आणि पान संपल्यावरच अर्थ पाहावा. त्यातले निम्मे अर्थ पुढच्या ओळींतून आपोआप लागलेले असतात.

दक्षिणवारा:

मी वेलिंग्टनला राहते आणि नव्याने आलेल्या प्रौढांना आठवड्यातून एकदा इंग्रजी वाचायला मदत करते. पाटीपेन्सिल सरांनी पातळीविषयी जे लिहिले आहे ते सर्व मला मान्य आहे. मी त्यात इथल्या अनुभवाची भर घालते.

पहिली गोष्ट विषय निवडण्याची. आपण सगळेच नवख्या वाचकाला देशाची ‘ओळख’ करून द्यायची म्हणून किवी पक्षी, रग्बी आणि राष्ट्रध्वज यांपासून सुरुवात करतो, पण नदीकाठताई, तुमच्या आईंना ज्याची आधीच जाण आहे तिथून सुरुवात करून पाहा. त्या दुधासाठी प्रसिद्ध असलेल्या वाइकाटोच्या खोऱ्यात राहतात, हा केवढा योग आहे! दूध संस्थेचे दफ्तर सांभाळलेल्या बाईंना फॅट काढणे, दुधाचा दर, सभासद आणि लाभांश समजावून सांगण्याची गरज नाही. या देशात १८७१ मध्ये ओटागो द्वीपकल्पावर शेतकऱ्यांनी एकत्र येऊन चीजचा पहिला सहकारी कारखाना काढला, आणि आजही २००१ मध्ये स्थापन झालेली फॉन्टेरा ही प्रचंड संस्था तिला दूध घालणाऱ्या शेतकऱ्यांच्या मालकीची आहे. याविषयीचे पान त्यांना किवी पक्ष्यापेक्षा सोपे जाईल, मग त्यात दहा शब्द जास्त अवघड असले तरी चालेल. तीच गोष्ट धरणांची. कोयनेच्या प्रदेशातून आलेल्या माणसाला वाइकाटो नदीवर एकामागून एक बांधलेली धरणे आणि १९२९ मध्ये सुरू झालेले अरापुनीचे वीजकेंद्र यांत रस वाटणारच. प्रौढ माणसाला जग ठाऊक असते, त्याला त्या जगाचे इंग्रजी शब्द तेवढे हवे असतात, आणि ओळखीच्या विषयात ते शब्द अंदाजाने सापडतात.

दुसरी गोष्ट थोडी सावधगिरीची आहे. अनोळखी शब्दाने वाचक थांबतो आणि विचारतो, परंतु ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दाने तो न थांबता चुकीच्या वाटेला लागतो. मराठीत रुळलेले इंग्रजी शब्द इथे फार फसवतात. न्यूझीलंडमध्ये ‘डेअरी’ म्हणजे कोपऱ्यावरचे किराणा दुकान, आणि तुमच्या आई तर तो शब्द वाचताच दूध संकलन केंद्रच डोळ्यांसमोर आणणार. ‘स्टेशन’ म्हणजे हजारो मेंढ्यांचे मोठे शेत. माझ्याकडे येणाऱ्या साताऱ्याच्या एका काकांनी ‘तो माणूस स्टेशनवर जन्मला आणि स्टेशनवरच वाढला’ असे वाक्य वाचून त्या मुलाविषयी मनापासून हळहळ व्यक्त केली होती. रेल्वे फलाटावर वाढलेले अनाथ मूल त्यांच्या मनात उभे राहिले होते आणि पुढची दोन पाने त्यांनी त्याच समजुतीने वाचली. ‘बुश’ म्हणजे झुडूप नव्हे, इथले मूळचे घनदाट अरण्य. ‘मॉब’ म्हणजे मेंढ्यांचा किंवा गुरांचा कळप. आणि आपल्याकडे नोकरी लागून लग्न झाले की मुलगा ‘सेटल’ झाला म्हणतात, त्यामुळे पुस्तकातला ‘सेटलर’ म्हणजे ब्रिटनहून येऊन इथल्या जमिनीवर वस्ती करणारा माणूस, हे आधीच सांगून ठेवावे लागते. तो एक शब्द चुकला तर या देशाचे सगळे एकोणिसावे शतक चुकीचे समजते. म्हणून मी पान देण्याआधी अवघड शब्दांची यादी करत नाही, अशा फसव्या ओळखीच्या शब्दांची करते.

आता तुमच्या शेवटच्या शंकेविषयी, कारण माझ्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे. ६ फेब्रुवारी १८४० रोजी वाइतांगी येथे इथल्या मूळ रहिवाशांचे, म्हणजे माओरी लोकांचे, प्रमुख आणि ब्रिटिश राजसत्ता यांच्यात करार झाला. अनेक सोप्या पुस्तकांत तो एका वाक्यात उरकलेला असतो: माओरी प्रमुखांनी आपला देश इंग्लंडच्या राणीला दिला. हे वाक्य पहिल्या पायरीच्या शब्दांत बसते, पण ते खरे नाही, आणि तुमच्या आईंनी ते वाचले तर पाट्यांवर दोन भाषा का आहेत या त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांना कधीच मिळणार नाही.

झाले असे, की कराराचा मसुदा इंग्रजीत होता आणि हेन्री विल्यम्स या मिशनऱ्याने व त्याच्या मुलाने ४ फेब्रुवारीच्या रात्री त्याचे माओरीत भाषांतर केले. इंग्रजी मजकुरात पहिल्या कलमानुसार प्रमुखांनी सार्वभौमत्व राणीला दिले होते. माओरी मजकुरात त्या जागी ‘कावानातांगा’ हा शब्द आला. तो ‘गव्हर्नर’ या शब्दाच्या माओरी रूपावरून घडवलेला असून त्याचा अर्थ राज्यकारभार पाहणे असा होतो. दुसऱ्या कलमात माओरी मजकुराने प्रमुखांना त्यांच्या जमिनी, वस्त्या आणि सर्व मौल्यवान गोष्टींवर ‘तिनो रांगातिरातांगा’, म्हणजे प्रमुखपणाचा पूर्ण अधिकार, राहील असे सांगितले. पुढच्या काही महिन्यांत कराराच्या प्रती देशभर फिरल्या आणि पाचशेहून अधिक प्रमुखांनी सह्या केल्या. त्यांपैकी इंग्रजी मजकुरावर सही करणारे फक्त ३९ होते, बाकी सर्वांनी माओरी मजकुरावर सही केली. तेव्हापासून आजपर्यंतचा जमिनीचा वाद, १९७५ मध्ये स्थापन झालेले वाइतांगी न्यायाधिकरण आणि १९८७ मध्ये माओरीला मिळालेला राजभाषेचा दर्जा, हे सारे समजायचे असेल तर या दोन कागदांतला फरक समजावा लागतो.

आणि हा फरक सोप्या भाषेत सांगता येतो, हे मला आग्रहाने म्हणायचे आहे. मी माझ्या वर्गासाठी तो इंग्रजीत लिहिला, त्याचा आशय असा होता: ‘कागद दोन होते. एक इंग्रजीत होता, एक माओरीत. दोन्ही कागद एकच गोष्ट सांगत नव्हते. इंग्रजी कागद म्हणत होता की आता सर्व सत्ता राणीची. माओरी कागद म्हणत होता की राणीचा माणूस कारभार पाहील, पण जमीन आणि गावे यांवर प्रमुखांचाच अधिकार राहील. बहुतेक प्रमुखांनी माओरी कागदावर सही केली. म्हणून लोक आजही विचारतात की त्यांनी नक्की काय दिले.’ यात एकही कठीण शब्द नाही. आपल्या मराठी माणसाला तर कारभारी आणि धनी यांतला फरक वेगळा सांगावा लागत नाही. ज्या पुस्तकात ‘कागद दोन होते’ हे आले आहे ते पुस्तक घ्या. आले नसेल तर ते पान तुम्ही स्वतः आईंसाठी लिहून पुस्तकात ठेवा.

पुस्तके विकत घेण्याची घाई करू नका. आपल्याकडच्या मोठ्या सार्वजनिक वाचनालयांत इंग्रजी शिकणाऱ्या प्रौढांसाठी वेगळा विभाग असतो आणि तिथे पुस्तके पायरीनुसार लावलेली असतात. शिवाय इंग्लिश लँग्वेज पार्टनर्स या संस्थेचे स्वयंसेवक नव्याने आलेल्या प्रौढांना शिकवतात. आईंना वर्गात पुन्हा जावेसे वाटत नसेल तर एकास एक शिकण्याची सोय आहे का, हे तिथे जरूर विचारा.

कृत्तिका:

वरच्या दोन्ही प्रतिसादांत आले नाही म्हणून एक मुद्दा मांडते. न्यूझीलंडविषयीच्या कोणत्याही पुस्तकात माओरी शब्द आणि गावांची नावे येतातच आणि इंग्रजी शिकणारे लोक त्यांना इंग्रजी शब्द समजून वाचतात. ऑकलंडमधल्या एका उपनगराचे रोमन स्पेलिंग पाहून माझे सासरे ते नाव कितीतरी दिवस ‘वनहंगा’ असे वाचत होते. ते ‘ओनेहुंगा’ आहे. माओरी वर्णमालेत पंधराच वर्ण असून स्वर पाच आहेत. स्वर ह्रस्व असतात किंवा दीर्घ, दीर्घ स्वरावर आडवी रेघ देतात आणि प्रत्येक अक्षर स्वरान्त असते. ह्रस्व-दीर्घाचा संस्कार झालेल्या मराठी वाचकाला हे इंग्रजी वाचकापेक्षा सोपे जाते. आईंना पुस्तकातली सर्व माओरी नावे समासात देवनागरीत लिहून द्या: नमस्कारासाठीचे किया ओरा, न्यूझीलंडचे माओरी नाव आओतेआरोआ, वाइकाटो, आणि कुटुंब या अर्थाचा फानाऊ. हे इंग्रजीचे अर्थ लिहिण्यासारखे नाही, कारण इथे देवनागरी उच्चार अधिक अचूक दाखवते. पानावरचे अडलेले शब्द मोजताना ही नावे त्यात धरू नयेत, म्हणजे पुस्तक आहे त्याहून अवघड वाटणार नाही.

आणखी एक. २०२२ पासून इथे ‘मातारिकी’ची सार्वजनिक सुट्टी असते. मातारिकी म्हणजे आपल्या कृत्तिका. ऐन हिवाळ्यात, जून-जुलैमध्ये, हा तारकापुंज पहाटे पुन्हा दिसू लागतो तेव्हा माओरी नववर्ष सुरू होते. ज्यांनी कार्तिकाचे महत्त्व लहानपणापासून ऐकले आहे त्यांना या सणावरचे पान वाचायला द्या आणि पहाटे अंगणात नेऊन तारेही दाखवा.

नदीकाठ:

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण करून पाहिल्याशिवाय उत्तर देऊ नये असे ठरवले होते.

वाचनालयात पाटीपेन्सिल सरांच्या पद्धतीने आम्ही दोघींनी मिळून शब्द मोजले. दुसऱ्या पायरीच्या एका पुस्तकात शंभरांत एकच शब्द अडला, तिसऱ्या पायरीच्या पुस्तकात चार. आईने तिसऱ्या पायरीचे निवडले. ‘चार तर चार, तू आहेस की शेजारी,’ असे ती म्हणाली. ‘डेअरी’ आणि ‘स्टेशन’ यांची चिठ्ठी मी पहिल्याच पानाला लावली होती आणि तिचा उपयोग दुसऱ्याच दिवशी झाला.

सुरुवात दुधापासून करायची होती, पण पुस्तक चाळताना तिला एका पडझड झालेल्या गावाचे छायाचित्र दिसले आणि ती तिथेच थांबली. ते पान ३ फेब्रुवारी १९३१ च्या नेपिअरच्या भूकंपाविषयीचे होते. २५६ माणसे गेली, गाव जळाले, नंतर ते नव्या पद्धतीच्या इमारतींनी पुन्हा बांधले, एवढाच मजकूर होता. तिने तो कोणाची मदत न घेता वाचला. अडलेले शब्द तीन होते, त्यांपैकी ढिगारा या अर्थाचा शब्द तिने छायाचित्रावरून ओळखला. वाचून झाल्यावर ती बराच वेळ बोलली नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती तीन वर्षांची होती. तिला स्वतःला काही आठवत नाही, पण आजीने तिला गोधडीसकट उचलून अंगणात आणले आणि मागे स्वयंपाकघराची भिंत बसली, ही गोष्ट आमच्या घरात आजही सांगतात. त्या संध्याकाळी तिने वहीत इंग्रजीत सहा वाक्ये लिहिली. पहिली तीन नेपिअरची होती आणि पुढची तीन आमच्या घराची. शाळा सोडल्यानंतर तिने इंग्रजीत लिहिलेली ही पहिली वाक्ये आहेत.

तिचे दोन प्रश्न आहेत आणि माझा एक. पुस्तकात म्हटले आहे की भूकंपात जमीन वर आली. ती किती वर आली आणि तिथले पाणी कुठे गेले, असे ती विचारते. दुसरे, अरापुनीच्या धरणाविषयी एवढ्याच सोप्या इंग्रजीत कोणी एक पान लिहून देईल का? माझा प्रश्न असा, की त्या सहा वाक्यांत काळाच्या चुका आहेत. त्या दुरुस्त कराव्यात का?

दक्षिणवारा:

काकूंना सांगा, नेपिअरजवळची जमीन सुमारे दोन मीटर वर उचलली गेली. गावाला लागून आहुरिरी नावाचे खारे सरोवर होते, त्याचा तळच वर आल्यामुळे पाणी समुद्राकडे ओसरले आणि हजारो एकर कोरडी जमीन उघडी पडली. तिथला विमानतळ आज त्याच जमिनीवर आहे. हॅमिल्टनहून नेपिअर मोटारीने एका दिवसात गाठता येते. त्यांना नेऊन आणा आणि ते पान बरोबर घेऊन जा. अरापुनीचे पान मी लिहिते. येत्या रविवारपर्यंत इथेच देईन, त्याआधी सरांनी माझे ‘बिकॉज’ आणि ‘सो’ तपासून द्यावेत ही विनंती.

पाटीपेन्सिल:

दक्षिणवाराताई, अवश्य पाठवा. ‘टर्बाइन’ हा शब्द टाळू नका. कोयनेकाठच्या माणसाला तो ठाऊक असतो.

नदीकाठताई, पहिल्या तीन वाक्यांतल्या चुका दुरुस्त करा, आणि त्याही आपण न करता आईंनी पुस्तकातले पान शेजारी ठेवून स्वतः कराव्यात, कारण तिथे योग्य रूप त्यांच्या डोळ्यांसमोर आहे. गोधडीच्या तीन वाक्यांना सध्या हात लावू नका. त्यांना सातवे वाक्य लिहायला सांगा.